ग्राफ आला का?

डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडच्या एखाद्या गल्लीत शिरलं की खाली औषधांचं दुकान, पहिल्या मजल्यावर नर्सिंग होम आणि त्याच्या वर बिऱ्हाडं, अशी इमारत हमखास भेटते. ठाण्याच्या नौपाड्यात तेच, कल्याणात शिवाजी चौकाच्या आसपासही तेच. दहा-पंधरा खाटा, एक ऑपरेशन थिएटर, दाराशी चपलांचा ढीग. सर्जन बहुधा मालक असतात. भूल देणारे डॉक्टर मात्र बाहेरून येतात. सकाळी एकीकडे सिझेरियन, दहाला दुसरीकडे हर्निया, दुपारी तिसरीकडे टॉन्सिल्स, असा त्यांचा दिवस. गाडीच्या डिकीत त्यांची बॅग असते, आणि यादीत लहान मूल असेल तर ती वेगळी भरावी लागते. साडेतीन, चार, साडेचार मिलिमीटरच्या नळ्या, लॅरिंगोस्कोपचं छोटं पातं, बाहुलीच्या तोंडाला बसतील असे मास्क, अर्ध्या लिटरची रबरी पिशवी लावलेलं जॅक्सन-रीस सर्किट. आणि अलीकडे बऱ्याच जणांच्या बॅगेत आणखी एक चीज असते. मुठीत मावेल एवढा कॅप्नोग्राफ. बाळाने सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड किती आहे, हे तो दर श्वासाला मोजतो आणि पडद्यावर त्याची लाट काढून दाखवतो.

मोठ्या माणसाच्या बाबतीतही ही लाट महत्त्वाची आहेच. पण लहान मुलांच्या बाबतीत तिचं मोल वेगळं आहे, आणि त्याचं कारण वेळेच्या हिशेबात आहे.

तीन वर्षांचा मुलगा हर्नियासाठी टेबलावर आहे असं समजू. सुई दाखवली तर तो थिएटर डोक्यावर घेईल, म्हणून आधी मास्कमधून सेव्होफ्लुरेन देतात. मिनिटा-दीड मिनिटात झोपतो. मग सलाइनची सुई लागते, स्नायू सैल करणारं औषध जातं, आणि त्या क्षणापासून मुलगा स्वतः श्वास घेत नाही. आता नळी घालायची. घशाच्या तळाशी दोन वाटा अगदी लागून असतात. पुढची श्वासनलिकेची, मागची अन्ननलिकेची. मुलांची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, स्वरयंत्र वर सरकलेलं, त्यावरचं झाकण लांबट आणि लुळं. सरावलेल्या हातालाही कधीकधी वाट स्वच्छ दिसत नाही. नळी जाते, पिशवी दाबली जाते, आणि थिएटरमध्ये कुणीतरी विचारतंच, "ग्राफ आला का?"

या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत नळी कुठे गेली हे खात्रीने कुणालाच माहीत नसतं. पूर्वी ते स्टेथोस्कोपने ठरवत. छातीवर दोन्ही बाजूंना ऐकायचं, पोटावर ऐकायचं. मोठ्या माणसातही ही परीक्षा फसू शकते, आणि लहान मुलात तर फसायला फारच वाव. बाळाची छाती इतकी छोटी की पोटात गेलेल्या हवेचा आवाजही छातीवर ऐकू येतो. नळीत वाफ धरते का, हे बघण्याचीही पद्धत होती. अन्ननलिकेतल्या नळीतसुद्धा वाफ धरू शकते. छाती वर-खाली होते का बघायचं, तर फुगणारं पोट छातीलाही हलवतं.

मग बोटाला लावलेला ऑक्सिमीटर काय सांगतो? तो म्हणतो, ९९. आणि खोटंही बोलत नाही. नळी घालण्याआधी मुलाला शुद्ध ऑक्सिजन दिलेला असतो, तो साठा फुप्फुसात आणि रक्तात शिल्लक असतो, आणि ऑक्सिमीटर तो साठा मोजतो. श्वास चालू आहे की बंद, हे त्याला कळत नाही. साठा उतरू लागला की आकडा घसरतो, आणि मग झपाट्याने घसरतो. हा साठा पुरतो किती वेळ? चांगला ऑक्सिजन दिलेल्या धडधाकट किशोरवयीन मुलाचा आकडा श्वास थांबल्यावर ९० पर्यंत यायला सहा मिनिटांहून जास्त लागू शकतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा दीड मिनिटात येतो. बाळ वजनाच्या मानाने मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन खर्च करतं. किलोमागे मिनिटाला सहा ते आठ मिलिलिटर. भूल दिल्यावर त्याच्या फुप्फुसातली शिल्लक हवा आणखी कमी होते. म्हणजे खर्च दुप्पट आणि शिल्लक कमी. ऑक्सिमीटर बोंब मारतो तेव्हा हातातली सगळी सवड संपलेली असते. कॅप्नोग्राफ तीच बातमी पहिल्या चार-पाच श्वासांत देतो. दीड मिनिटातला सव्वा मिनिट वाचणं म्हणजे नळी काढून, मास्क लावून, पुन्हा ऑक्सिजन देऊन पुन्हा प्रयत्न करण्याएवढा वेळ हातात येणं.

यामागचं तर्कशास्त्र सरळ आहे. कार्बन डायऑक्साइड शरीरातल्या पेशी बनवतात, रक्त तो वाहून आणतं, फुप्फुसं बाहेर टाकतात. आपण आत घेतो त्या हवेत तो ०.०४ टक्के असतो आणि सोडलेल्या श्वासाच्या शेवटी पाच टक्क्यांच्या आसपास. पोटात तो बनत नाही. तेव्हा नळीतून दर श्वासाला तो येत राहिला तर नळी श्वासमार्गात आहे. अपवाद आहेत, आणि ते गमतीदार आहेत. मुलाने तासाभरापूर्वी चोरून कोल्ड्रिंक प्यायलं असेल तर पोटातूनही हा वायू येतो. मास्कने पिशवी दाबताना थोडी सोडलेली हवा पोटात जाते, तीही परत येते. पण हा साठा दोन-चार दाबांत संपतो आणि लाटा एकेक करत बसत जातात. म्हणूनच २०२२ साली जगभरच्या श्वासमार्ग तज्ज्ञांनी मिळून केलेल्या मार्गदर्शनात एका लाटेवर भागवू नका असं म्हटलं आहे. किमान सात श्वास, लाटेची उंची टिकलेली किंवा वाढती, आणि पायापासून किमान साडेसात मिलिमीटर पाऱ्याएवढी, असेल तरच नळी जागेवर म्हणायची.

लाट आलीच नाही तर? इथे माणसाचा स्वभाव आडवा येतो. "मशीन बिघडलंय", "नळीत पाणी गेलंय", "मी स्वतः नळी आत जाताना पाहिली". असं म्हणत म्हणत दोन मिनिटं निघून जातात, आणि बाळाला दोन मिनिटं परवडत नाहीत. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अॅनेस्थेटिस्ट्सला यासाठी मोहीमच काढावी लागली. तिचं म्हणणं एवढंच की लाट नाही म्हणजे नळी चुकीच्या जागी, हे उलट सिद्ध होईपर्यंत धरून चाला. हृदय बंद पडलं तरी लाट खाली येते, हे खरं. पण छाती नीट दाबली जात असेल तर फुप्फुसात थोडं रक्त पोचतं आणि बुटकी का होईना, लाट उमटते. साफ सपाट रेघ हृदयाच्या माथी मारून मोकळं होणं धोक्याचं आहे.

पहिला प्रश्न सुटला की लाटेचं दुसरं काम सुरू होतं, आणि तेच मला जास्त रंजक वाटतं. पडद्यावर कोपऱ्यात एक आकडा असतो. ३५ ते ४५ मिलिमीटर पारा ही नेहमीची मर्यादा. नवशिके आकडा बघतात, मुरलेले आकार बघतात. ज्यांनी कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाट चढला आहे त्यांना हा आकार समजवायला नको. आधी सपाट कोकण: श्वास सोडायच्या सुरुवातीला नळीतली आणि घशातली हवा बाहेर येते, तिच्यात कार्बन डायऑक्साइड नसतो. मग सरळ घाट: फुप्फुसातल्या खोलवरच्या पिशव्यांमधली हवा मिसळू लागते. मग पठार, किंचित चढत जाणारं: ही फक्त खोलवरची हवा. पठाराचं टोक म्हणजे तो कोपऱ्यातला आकडा. आणि मग कोकणकडा: पुढचा श्वास आत शिरतो आणि रेघ थेट शून्यावर कोसळते.

श्वासनलिका आवळल्या गेल्या, म्हणजे दमेकरी मुलाला टेबलावरच घरघर सुरू झाली, की घाट तिरका होतो आणि पठार नाहीसं होतं. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरू लागला की पठारात मध्येच खाच पडते. मूल स्वतः श्वास घ्यायचा प्रयत्न करतंय. नळीच्या बाजूने हवा गळत असेल तर पठार अर्ध्यावर तुटतं. रेघ शून्यावर उतरेनाशी झाली, पायथाच वर उचलला गेला, तर मूल स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा आत घेतंय. लाट सगळीकडून सारखी उंच होत चालली, श्वास वाढवले तरी उतरत नाही, तर अंगाला घाम फुटायची गोष्ट. काही मुलांच्या स्नायूंमध्ये जन्मजात दोष असतो. हॅलोथेनसारखे भुलीचे वायू किंवा स्नायू सैल करणारं सक्सामेथोनियम मिळालं की त्यांचे स्नायू बेलगाम जळू लागतात. ताप नंतर चढतो, कार्बन डायऑक्साइड आधी. मेलबर्नच्या डेनबरो आणि लव्हेल यांनी १९६० साली पहिल्यांदा याची ठळक नोंद केली. यावरचं औषध डँट्रोलीन, जे भारतात वर्षानुवर्षे सहजी मिळत नव्हतं. तिथे लवकर ओळखणं हाच मोठा उपाय होता.

टॉन्सिल्सच्या ऑपरेशनमध्ये लाट कशी उपयोगी पडते, ते जरा जवळून पाहू. मुलाचं डोकं मागे झुकवलेलं असतं. नळी तोंडातून मध्यभागी बाहेर येते आणि तिच्यावरून सर्जन बॉइल-डेव्हिस गॅग बसवतात. ही धातूची चौकट तोंड उघडं धरते आणि तिच्या पात्यातली खाच नळीला जिभेवर दाबून ठेवते. एकेक दात्याने गॅग उघडत जातो. शेवटच्या दात्याला कधीकधी नळी चेपते, किंवा डोकं आणखी मागे गेल्यामुळे वर सरकते. नवजात बाळाची श्वासनलिका चार-पाच सेंटिमीटरच लांब, तीन-चार वर्षांच्या मुलाची थोडीच जास्त. मान मागे गेली की नळी बाहेरच्या दिशेने, हनुवटी छातीकडे आली की आतल्या दिशेने सरकते. सर्जनचं लक्ष टॉन्सिल्सवर. चादरीखाली मूल दिसत नाही. नळी चेपली तर चढ तिरका होतो आणि हवा ढकलायला लागणारा दाब वाढतो. नळी निसटली तर लाट गायब. भूल देणारे म्हणतात, "सर, गॅग एक दाता सैल करा." लाट परत उभी राहते. ऑक्सिमीटर तोवर ९९ च दाखवत असतो. या सगळ्याची नोंद कुठल्या कागदावर होत नाही, आईबापांना कधी कळत नाही. कॅप्नोग्राफने काय वाचवलं हे मोजता न येण्याचं हे एक कारण आहे.

या गॅगच्या नावातले बॉइल म्हणजे लंडनचे हेन्री बॉइल. १९१७ साली त्यांनी भूल देण्याचं जे यंत्र बनवलं, त्याच्या सुधारत गेलेल्या आवृत्त्या आपल्याकडे इतक्या खपल्या की आजही ठाणे-कल्याणच्या थिएटरांत कुठल्याही कंपनीच्या यंत्राला जुने लोक 'बॉइल' म्हणतात. या यंत्रांवर काळ्या-पांढऱ्या ऑक्सिजनच्या आणि निळ्या नायट्रस ऑक्साइडच्या शेजारी एकेकाळी राखाडी सिलिंडरही असे. कार्बन डायऑक्साइडचा. तो मुद्दाम दिला जाई. येलचे यँडेल हेंडरसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा वायू श्वासाला चालना देतो म्हणून त्याचा हिरिरीने पुरस्कार केला होता. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळांनाही तो हुंगवत. चालना मिळे हे खरं, पण चुकून नॉब उघडा राहिला तर मूल त्याच वायूने गुदमरे, आणि मोजायची सोय नसल्यामुळे कुणाला कळत नसे. राखाडी सिलिंडर हळूहळू यंत्रावरून उतरला.

मोजण्याची युक्ती मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉनच्या आसपासचे अवरक्त किरण शोषून घेतो. ऑक्सिजन आणि नायट्रोजन त्यांना हातही लावत नाहीत. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी १८५९ पासून वायूंचे हे गुण तपासले आणि माणसाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही या रीतीने मोजून दाखवला. आज आपण पृथ्वीच्या तापमानवाढीबद्दल जे बोलतो त्याचं मूळही याच प्रयोगांत आहे. पुढे १९४३ साली जर्मनीत कार्ल लुफ्ट यांनी या तत्त्वावर चालणाऱ्या वायुमापकाचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि नेदरलँड्सच्या उट्रेख्तमध्ये बॉब स्मालहाउट यांनी भूल दिलेल्या रुग्णांच्या हजारो लाटा जमवून त्यांचा अर्थ लावला. १९७८ मध्ये नेदरलँड्स हा भूल देताना कॅप्नोग्राफ सर्रास वापरणारा पहिला देश ठरला. तेव्हाचं यंत्र मोठं आणि महाग होतं. डोंबिवलीच्या डॉक्टरांच्या बॅगेत ते यायला पुढे चार दशकं लागली.

यंत्र नव्हतं तेव्हाही श्वासाकडेच बघा, असं ठणकावून सांगणारे लोक होते. त्यांचा सर्वात मोठा आखाडा आपल्या शेजारी होता, हैदराबादेत. तेव्हा औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी निजामाच्याच राज्यात. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचं म्हणणं होतं की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून नाडीकडे नको, श्वासाकडे लक्ष ठेवा. १८८८ आणि १८८९ अशी दोन कमिशनं बसली. दुसऱ्या वेळी निजामाने एक हजार पौंड दिले आणि लंडनहून लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, लॉरींचाच पक्ष खरा ठरवला गेला. या कामात रूपाबाई फर्दूनजी या पारशी डॉक्टर होत्या. भूल देण्यात वाकबगार अशा जगातल्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांचं नाव घेतात. निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर निघाला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाची लय एकाएकी बिघडून रुग्ण दगावू शकतो. इंग्लंडात १८४८ साली पायाचं नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिल्यावर हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी दगावली होती. क्लोरोफॉर्मच्या बळींत पहिलं नाव तिचं लागतं. तिचं नेमकं काय झालं यावर अजून वाद आहे. श्वास की नाडी, हा दीडशे वर्षांचा तंटा कॅप्नोग्राफने वेगळ्याच तऱ्हेने मिटवला. लाट उमटायला श्वास लागतोच, आणि फुप्फुसापर्यंत वायू आणायला वाहतं रक्तही लागतं. दोन्हीपैकी काहीही अडलं तरी लाट बोलते.

आता अडचणींबद्दल. लहान मुलांच्या बाबतीत त्या खऱ्या आहेत, आणि यंत्र विकणारे त्या सांगत नाहीत.

तीन किलोच्या बाळाचा एक श्वास अठरा-वीस मिलिलिटरचा. म्हणजे चार चमचे. मोठ्या माणसाचा पाचशे. बाळ मिनिटाला चाळीस श्वास घेतं, म्हणजे मिनिटाची उलाढाल आठशे मिलिलिटर. बहुतेक कॅप्नोग्राफ बारीक नळीने हवेचा नमुना ओढून यंत्रात नेतात, मिनिटाला दीडशे-दोनशे मिलिलिटर. दोनशे ओढले म्हणजे बाळाच्या उलाढालीचा चौथा हिस्सा. वर, श्वास सोडायला मिळतो जेमतेम पाऊण-एक सेकंद. तेवढ्यात पठार तयार व्हायच्या आत पुढचा श्वास येतो, ताजा वायू नमुन्यात मिसळतो, आणि आकडा खरा असेल त्याहून कमी दिसतो. जॅक्सन-रीस सर्किटमध्ये हा प्रकार जास्त, कारण त्यात ताजा वायू सतत वेगाने वाहता ठेवावा लागतो. त्याचा वेग कमी केला तर मूल स्वतःचीच हवा परत घेतं. दुसरा प्रकार नळीच्या तोंडाशीच संवेदक बसवण्याचा. त्यात नमुना ओढावा लागत नाही, पण जोडणीच्या तुकड्यात जागा अडते. पाच मिलिलिटरचा तुकडा म्हणजे बाळाच्या श्वासाचा चौथा भाग फुकट. शिवाय त्याच्या वजनाने साडेतीन मिलिमीटरची नळी वाकते. आता मिनिटाला पन्नास मिलिलिटरच ओढणारी यंत्रं आणि मिलिलिटरभर जागेचे तुकडे मिळतात, पण ते प्रत्येक थिएटरात असतीलच असं नाही. निळसर पडणाऱ्या हृदयदोषाच्या मुलात आणखी एक मेख आहे. थोडं रक्त फुप्फुसाला वळसा घालून जातं, त्यामुळे रक्तात वायू जास्त असूनही श्वासात कमी दिसतो. अशा वेळी धमनीतल्या रक्ताची तपासणी करून दोन आकड्यांतलं अंतर समजून घ्यावं लागतं.

आणि पाऊस. जुलैत आपल्याकडे वाळत घातलेला रुमालही ओला राहतो. नमुन्याच्या बारीक नळीत बाष्पाचे थेंब साचतात, पाण्याचा सापळा भरतो, लाट बसकी होते आणि मग सपाट. नळी झटकायची, सापळा रिकामा करायचा, जादा नळी हाताशी ठेवायची, हा रोजचा उपद्व्याप. पण क्रम चुकवायचा नाही. आधी मूल, मग नळी, शेवटी मशीन.

कॅप्नोग्राफ असला की सगळं आलं, असंही नाही. बोस्टनमध्ये १९९१ साली चार्ल्स कोटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशेच्या आसपास मुलांवर अभ्यास केला. काहींच्या बाबतीत ऑक्सिमीटर डॉक्टरांपासून झाकून ठेवला, काहींच्या बाबतीत कॅप्नोग्राफ. ऑक्सिजन गंभीरपणे उतरण्याचे प्रसंग टाळायला ऑक्सिमीटरच जास्त कामी आला. कॅप्नोग्राफचे भक्त हा अभ्यास फारसा सांगत नाहीत. माझ्या मते तो सांगायला हवा, कारण दोन यंत्रं दोन वेगळे प्रश्न विचारतात. आणि एक प्रश्न असा आहे की जो दोन्हींना वेळेवर विचारता येत नाही. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात मे २०१६ मध्ये नव्या थिएटरात दोन मुलं दगावली. ऑक्सिजनच्या पाइपातून नायट्रस ऑक्साइड येत होता. अशा वेळी श्वास चालू असतो, रक्त वाहत असतं, म्हणून लाटेत आधी खोट दिसत नाही. नळीतून येणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती टक्के आहे हे मोजणारा विश्लेषकच तिथे आधी ओरडतो. नव्या पाइपलाइनवर पहिली केस घ्यायच्या आधी तो वापरून बघणं हे पाच मिनिटांचं काम.

जागतिक आरोग्य संघटना आणि भूलतज्ज्ञांचा जागतिक महासंघ यांनी २०१८ मध्ये जी मानकं दिली त्यांत ऑक्सिमीटर अत्यावश्यकाच्या वर्गात आहे. लाट दाखवणारा कॅप्नोग्राफ एक पायरी खाली, शिफारस म्हणून, आणि परवडणारी टिकाऊ यंत्रं मिळू लागली की तो वर नेता येईल अशी पुस्ती जोडलेली. गरीब देशांचा विचार करून ही पायरी ठेवली. ठाणे जिल्ह्यात ही सबब आता किती चालावी, याबद्दल मला शंका आहे. ज्या नर्सिंग होमच्या रिसेप्शनला एसी आहे, त्याच्या थिएटरला कॅप्नोग्राफ जड नाही. महापालिकांच्या रुग्णालयांत, म्हणजे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, अशा ठिकाणी अडचण वेगळी असते. सरकारी खरेदीत यंत्र एकदा येतं. नमुन्याच्या नळ्या आणि पाण्याचे सापळे मात्र संपत राहतात, आणि त्यांची मागणी वेगळ्या फायलीत जाते.

आईवडिलांनी काय करावं? ऑपरेशन ठरलं की ते सर्जनना दहा प्रश्न विचारतात. खर्च किती, टाके किती, शाळेत कधी जाईल. भूल कोण देणार हे क्वचितच कुणी विचारतं, आणि त्या डॉक्टरांची भेट बऱ्याचदा थिएटरच्या दारातच होते. आदल्या दिवशी फोनवर का होईना, बोलून घ्यावं. "डॉक्टर, लहान मुलांना तुम्ही नेहमी भूल देता का? कॅप्नोग्राफ लावणार ना?" एवढं विचारलं तर चांगला भूलतज्ज्ञ रागावत नाही. बहुतेकांना उलट बरं वाटतं, कारण मालकाकडे यंत्राचा आग्रह धरायला त्यांनाही आधार मिळतो.

लाटेची गरज थिएटरच्या दारात संपत नाही. डोंबिवलीत जन्मलेल्या बाळाची अन्ननलिका अपुरी निघाली, किंवा आतडं पिळवटलेलं निघालं, की त्याला नळी घालून परळला, १९२९ पासून चालू असलेल्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात हलवावं लागतं. काटई नाका, शिळफाटा, मग महापेवरून ऐरोलीचा पूल, पूर्व द्रुतगती मार्ग, शीव, परळ. गर्दीच्या वेळी दीड-दोन तास. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला बाळाची मान हलते, आणि मान हलली की नळी हलते. सायरन आणि इंजिनाच्या आवाजात स्टेथोस्कोप बिनकामाचा. अंधुक उजेडात छाती हलते की गाडी हलते ते कळत नाही, आणि गार पडलेल्या पायावर ऑक्सिमीटर नीट पकडत नाही. या प्रवासात नळी जागेवर आहे हे दर श्वासाला सांगणारी एकच गोष्ट असते. ती नसेल तर अशा बाळाला घेऊन निघू नये, असं अनेक नवजात तज्ज्ञ आता सरळ सांगतात. निघायच्या आधी परळला फोन जातो तेव्हा पलीकडून वजन, रक्तातली साखर, अंगाचं तापमान विचारतात, नळी ओठाशी किती सेंटिमीटरवर बांधली ते विचारतात, आणि मग गाडीत कॅप्नोग्राफ आहे का आणि त्याची बॅटरी परळपर्यंत पुरेल का, तेही.